वाय-फायचा भूगोल

मोडेम नावाच्या वस्तूशी माझी गाठ पडली ती २००५ साली. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच इंटरनेट यायचं. भिंतीवरच्या डबीतून आलेली तार स्प्लिटर नावाच्या एका ठोकळ्यात शिरायची, तिथून एक फाटा फोनला आणि दुसरा मोडेमला. केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ‘ब्रॉडबँड’ म्हणायचं ठरलं होतं आणि आम्हाला ते म्हणजे दारी गंगा आल्यासारखं वाटायचं. (जानेवारी २०२३ पासून ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली, म्हणजे जवळजवळ आठपट.) त्याच तारेवर मी मराठी टंकायला शिकले आणि त्याच तारेवर हे लिखाण सुरू झालं. संगणक एक, टेबल एक, खुर्ची एक. नेट घरात कुठवर पोचतं हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. नेट टेबलापाशी यायचं, ज्याला हवं त्यानं उठून तिथे जायचं.

उठून जाता येत नसेल तर काय, हा प्रश्न आमच्या घरात गेल्या वर्षी आला.

नातेवाइकांना सगळं ठाऊक आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू अशक्त झाली, ती व्यायामानं हळूहळू परत येते आहे. पण वाचा गेली. गेली म्हणजे आवाज आहे, समज पूर्ण आहे, पेपर वाचतात, क्रिकेट बघताना पंचांवर चिडतात. फक्त हवा तो शब्द वेळेवर हाताशी येत नाही. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. समोर तांब्या दिसतो, तो तांब्या आहे हे कळतं, आणि तोंडातून येतं ‘खिडकी’. चुकलं हेही त्याच क्षणी कळतं. त्रास त्याचाच जास्त होतो.

स्पीच थेरपीच्या मॅडम मुंबईच्या. आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास त्या टॅब्लेटवर व्हिडिओ कॉल करतात. चित्र दाखवतात, ह्यांनी नाव सांगायचं. एकदा पंख्याचं चित्र होतं. ह्यांनी बराच वेळ घेतला, ओठ हलवून पाहिले आणि स्वच्छ म्हणाले, ‘‘पंखा.’’ मी शेजारी बसून ऐकलं. पण पडद्यावर मॅडमचा चेहरा गोठलेला. दहा सेकंदांनी जिवंत झाला आणि त्या म्हणाल्या, ‘‘काका, पुन्हा एकदा प्रयत्न करू या?’’ ह्यांना वाटलं आपलं चुकलं. मग ‘पंखा’ सोडून दुसरेच शब्द शोधायला लागले. असं त्या पाऊण तासात चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

‘‘हॉलमध्ये बसवा की त्यांना, तिथे नेट चांगलं आहे,’’ असं ज्यानं त्यानं सुचवलं. शेजाऱ्यांनी, नणंदेनं, मुलानंसुद्धा. हॉलचं दार आमच्याकडे दिवसभर उघडं असतं. इस्त्रीवाला येतो, सोसायटीचे सेक्रेटरी येतात, खालची मुलं चेंडू मागायला येतात. बँकेत चौतीस वर्षं नोकरी केलेल्या, गणपतीच्या मांडवात माईक हातात धरून तासभर बोलणाऱ्या माणसाला चार लोकांदेखत ‘चमचा’ हा शब्द शोधत बसायचं नाही. मला ते पूर्ण पटतं. तेव्हा माणूस हलणार नव्हता, नेटलाच हलायचं होतं.

आमची इमारत १९८६ सालची, कोथरूडमधली. फायबरची तार दारातून आत येते आणि दाराशेजारीच कंपनीचं पांढरं खोकं भिंतीला लावलेलं आहे. तक्रार केल्यावर कंपनीचा मुलगा आला. खोक्याच्या पुढ्यात उभा राहून त्यानं वेग मोजला आणि म्हणाला, ‘‘आजी, शंभर म्हणजे शंभर येतायत. प्रॉब्लेम असेल तर तीनशेचा प्लॅन घ्या.’’ मोजला तेवढा खरा होता. पण वेग मोजला दाराशी आणि पेशंट आतल्या खोलीत! व्हिडिओ कॉलला नीट मिळाले तर तीन-चार एमबीपीएस पुष्कळ झाले. दाराशी तीनशे आणून पलंगापाशी काय फरक पडणार? नळाला जोर कमी म्हणून टाकी मोठी बांधण्यातला प्रकार. प्लॅन बदलला नाही.

रविवारी भाचा आला. त्यानं माझ्या फोनवर सिग्नल मोजण्याचं एक फुकट ॲप घालून दिलं. ‘‘मावशी, हे आकडे उणे असतात. शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे पन्नास म्हणजे झकास, उणे पासष्ट-सदुसष्टपर्यंत व्हिडिओ कॉल सुखानं चालतो, उणे ऐंशीच्या खाली गेलीस की विसर.’’ एवढं सांगून तो जेवायला बसला. मी मात्र ड्रॉवरमधून आलेखाचा कागद काढला. मी तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. आकडे आणि नकाशा दोन्ही हाताशी असले की मला राहवत नाही.

घराचा आराखडा काढला, सातशे ऐंशी चौरस फुटांचा. तीन-तीन पावलांवर थांबून आकडा घेतला आणि त्या त्या जागी लिहिला. खोक्यापाशी उणे ३२. सोफ्यावर उणे ४५. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उणे ५८. बाथरूमच्या दाराशी उणे ६३. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उणे ७४. आणि ह्यांच्या उशीपाशी उणे ८३. या मोजपट्टीत दहाचा प्रत्येक टप्पा म्हणजे ताकद दहावा हिस्सा होणं. म्हणजे दाराशी जेवढं होतं त्याचा साधारण सव्वा लाखावा भाग उशीपाशी पोचत होता. व्हिडिओचा मजकूर लहान लहान पाकिटांतून येतो. सिग्नल इतका क्षीण झाला की पाकिटं गहाळ होतात आणि पुन्हा मागवावी लागतात. ई-मेलला दोन सेकंद उशीर झाला तर बिघडत नाही, पण बोलण्यातलं पाकीट उशिरा आलं तर ते आलं काय अन् न आलं काय.

मग समान आकडे जोडून रेषा काढल्या. समोच्चरेषा काढतो तशाच. आणि कागदावर चक्क सह्याद्री उभा राहिला! हॉलपासून स्वयंपाकघराकडे रेषा लांब लांब, ऐसपैस, जसा महाबळेश्वरपासून पूर्वेकडे उतरत जाणारा देश. आतल्या खोलीकडे मात्र रेषा एकीवर एक दाटलेल्या, सरळ कडा. कडा कशाचा? बाथरूमचा. त्या भिंतीत पाण्याचे नळ, भिंतीवर टाइल्स, वर पाणी भरलेला गिझर, खाली आरसा, शेजारी बीम-कॉलमच्या सळ्या. आरशाच्या मागचा मुलामा धातूचा असतो. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. आणि या सगळ्याच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून, लग्नातलं लोखंडी कपाट. ह्यांचा पलंग नेमका कपाटाच्या आडोशाला.

म्हणजे पर्जन्यछायेचा प्रदेश. माझं माहेर माण तालुक्यातलं, त्यामुळे पर्जन्यछाया मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या दहिवडीला पाचशेच्या आतबाहेर. महाबळेश्वरला आणखी हजार मिलिमीटर पडला म्हणून दहिवडीच्या विहिरी भरत नाहीत. तिथे पाणी उचलून, कालव्यानं न्यावं लागतं.

राउटर कुठला घ्यायचा ते खरं म्हणजे तिथेच ठरलं होतं. तरी बाजार बघितल्याशिवाय खरेदी करायची नाही हा आमच्या घरचा नियम, म्हणून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले.

दुकानदार भला माणूस, पण त्यानं पहिल्यांदा काढलं ते सहा शिंगांचं काळं खोकं. ‘‘काकू, सहा अँटेना आहेत, बिल्डिंगच्या खालपर्यंत रेंज मिळेल.’’ मला बिल्डिंगच्या खाली रेंज कशाला? शिवाय रेडिओनं किती जोरात बोलायचं यावर सरकारी मर्यादा असते, शिंगं वाढवून ती वाढत नाही. जास्त अँटेनांचा उपयोग असतो, एका वेळी अनेकांशी बोलायला होतो, पण गिझर भेदायला नाही. आणि या उभ्या काडीसारख्या अँटेनाचा प्रसार मेदूवड्याच्या आकाराचा असतो. काडी वड्याच्या भोकात उभी, लहरी चहूबाजूंना आडव्या, डोक्यावर आणि पायाशी अगदी कमी. म्हणून एकाच मजल्यावरच्या घरात काड्या सरळ उभ्या ठेवाव्यात. लोक शोभेसाठी त्या वाकड्यातिकड्या करतात!

दुसरं खोकं स्वस्त होतं आणि त्यावर ठळक ‘मोडेम राउटर’ लिहिलेलं. मागे पाहिलं तर टेलिफोनच्या पिनेचं बारीक भोक. म्हणजे हे जुन्या तांब्याच्या तारेसाठी. ज्यांच्याकडे अजून ती तार असेल त्यांनी जरूर घ्यावं, पण फायबर आलेल्या घरात मोडेमचं काम कंपनीचं खोकं करतं. आपल्याला हवा असतो नुसता राउटर, ज्याच्या मागे रुंद चौकोनी भोकं असतात. दोन भोकांतला फरक डोळ्यांनी दिसतो, दुकानदाराला विचारावं लागत नाही.

तिसऱ्या खोक्यावर ‘१२०० एमबीपीएस’ असं लिहिलं होतं. आत बारीक अक्षरात बघितलं तर मागची तार जोडायची भोकं १०० एमबीपीएसची. दोन्ही बँडच्या कागदोपत्री वेगांची बेरीज करून बाराशे लिहायचे आणि तार मात्र शंभरचीच घ्यायची, याला आमच्या शाळेत ‘तोंडी गुण’ म्हणत असत. आज माझा प्लॅन शंभरचाच आहे, पण गिगाबिट भोकांचं खोकं चार-पाचशे रुपयांनी महाग मिळत होतं, तेवढे मी दिले. मुलाचा बंगळुरूहून फोन होताच, ‘‘आई, वाय-फाय ७ चाच घे, पैसे मी पाठवतो.’’ वाय-फाय ७ ची अधिकृत प्रमाणपत्रं २०२४ च्या जानेवारीपासून द्यायला लागले, चांगलंच असणार. पण आमचा टॅब्लेट वाय-फाय ५ चा. ऐकणाऱ्याला पाचवीचंच येत असेल तर सातवीचं पुस्तक वाचून उपयोग काय?

दोन बँड मात्र हवेतच, आणि हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावं. माझ्या फोनला आतल्या खोलीत शेजाऱ्यांची तेवीस नेटवर्कं दिसतात. एकाचं नाव ‘श्री स्वामी समर्थ’, एकाचं ‘पासवर्ड मागू नये’. बहुतेक सगळी २.४ गिगाहर्ट्झवर. त्या बँडमध्ये आपल्याकडे १३ चॅनल असले तरी ते एकमेकांवर चढलेले आहेत. १, ६ आणि ११ एवढेच तीन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. माझी नोकरीची पहिली चार वर्षं अशाच शाळेत गेली, एक मोठा हॉल आणि लाकडी पार्टिशनं घालून तीन वर्ग. शेजारच्या वर्गात पाढे सुरू झाले की मी आवाज चढवायची, मग तिकडचे गुरुजी चढवायचे, आणि शेवटी तिन्ही वर्गांना काहीच ऐकू यायचं नाही. वाय-फाय आमच्यापेक्षा सभ्य आहे. एका चॅनलवरची खोकी आधी कान देऊन ऐकतात, दुसऱ्याचं संपलं की बोलतात. म्हणून १, ६, ११ सोडून मधला ३ किंवा ४ निवडणं शहाणपणाचं नाही, तिथे दोन्हीकडची कुजबुज नुसता गोंगाट म्हणून कानावर येते. मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा याच बँडमध्ये गुणगुणते.

५ गिगाहर्ट्झ म्हणजे निराळी, मोकळी इमारत. चॅनल पुष्कळ, शेजारी थोडे. पण या लहरींची लांबी पाच-सहा सेंटिमीटर, २.४ वाल्यांची साडेबारा. आखूड लहरी भिंतींपुढे लवकर दमतात. फ्लॅटमध्ये हा दोष गुणच ठरतो, कारण शेजाऱ्याच्या लहरीही आपल्याकडे येईपर्यंत दमलेल्या असतात. अट एकच, खोकं माणसाच्या खोलीत पाहिजे.

दुकानदारानं रिपीटरही दाखवला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसवायचा, ऐकलेलं पुन्हा सांगणारा. शेवटच्या बाकाला ऐकू येत नाही म्हणून मधल्या बाकावरच्या मुलाला धडा पुन्हा मोठ्यानं वाचायला लावण्यासारखं. ऐकू येतं, पण एकाच चॅनलवर वाचन दोनदा होतं म्हणून वेग निम्म्यावर. आणि मधल्या बाकालाच नीट ऐकू येत नसेल तर चुकीचंच पुढे जातं. मेश नावाचे संच आहेत, दोन-तीन खोकी एकमेकांत बोलून घर सांभाळतात. माझ्या चुलत सुनेच्या नव्या टॉवरमध्ये तेच लावलं आहे आणि ते योग्यच. तिथे ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या. आमच्या विटांच्या घरापेक्षा अवघड भूगोल, आणि भाड्याचं घर असल्यामुळे भोकं पाडायची सोय नाही.

माझ्याकडे सोय होती. मी कालवा काढला. कॅट-६ ची बावीस मीटर तार (ही तार शंभर मीटरपर्यंत निर्धास्त चालते), कंपनीच्या खोक्यापासून दाराच्या चौकटीवरून, पॅसेजमधल्या माळ्यावरून आतल्या खोलीत. वायरमननं केसिंग-पट्टी मारून अर्ध्या दिवसात काम केलं. खोलीत कपाटाच्या समोरच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, दोन बँडचा साधा राउटर. राउटर, तार, पट्टी, मजुरी सगळं धरून चार हजारांच्या आत. भाच्यानं तो ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावून दिला. नाहीतर दोन्ही खोकी आपापले पत्ते वाटत बसतात. वर्गात हजेरीचे क्रमांक एकाच बाईनं द्यावेत, तसंच हे.

पासवर्ड लांबलचक मराठी वाक्याचा ठेवला, इंग्रजी लिपीत. खोक्याच्या आतल्या दाराचा मूळ ‘अ‍ॅडमिन’ पासवर्डही बदलला, तो बहुतेक जण विसरतात. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ई-मेल गेला होता, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या, पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून. भिंत विटांची असली तरी त्या बाबतीत ती भिंत नव्हेच. आमच्या सोसायटीत हे सांगितलं तेव्हा दोघांनी त्याच दिवशी कुलपं घातली.

मग नाव द्यायचं होतं. हॉलच्या नेटवर्कपेक्षा वेगळं नाव दिलं, म्हणजे टॅब्लेट सवयीनं हॉलच्या क्षीण सिग्नलला चिकटून बसत नाही. देवनागरीत नाव देता येतं हे मला नवीन होतं. मी ‘पर्जन्यछाया’ टाईप केलं, घेईना. भाच्यानं हिशेब सांगितला. नावाला ३२ बाइट मिळतात, देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट खाते, काना आणि पाय मोडणंसुद्धा वेगळं मोजतात. पर्जन्यछाया भरलं ३३! एका बाइटानं हुकलं. मग ‘माणदेश’ ठेवलं.

उशीपाशी आता उणे ३८ येतात, ५ गिगाहर्ट्झवर. पहिल्या दिवशी टॅब्लेट जोडून मी ह्यांच्या हातात दिला. त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘दुष्काळ.’’ माझ्या माहेरावरून गेली पन्नास वर्षं ऐकत आलेला विनोद. जोडाक्षरासकट, एका दमात. मॅडमच्या चित्रांच्या गठ्ठ्यात हा शब्द नाही.

शब्द अजून चुकतात. कालच चष्म्याला ‘पोस्ट’ म्हणाले. पण आता चुकलं तर ते खरंच चुकलेलं असतं आणि बरोबर आलं तर मॅडमना त्याच सेकंदाला ऐकू जातं. त्या टाळी वाजवतात तेव्हा टाळीचा आवाज आणि हात बरोबर येतात.

एक काम राहिलं आहे. जुना तांब्याचा फोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच मिळायची. फायबरचं तसं नाही, दिवे गेले की दोन्ही खोकी मुकी. त्यासाठी छोटा बॅटरीचा यूपीएस मिळतो. घेताना खोक्याच्या ॲडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा यूपीएसशी जुळतो ना आणि अँपिअर निदान तेवढे तरी आहेत ना, ते पाहायचं. माझी दोन्ही खोकी १२ व्होल्टची आहेत, तेव्हा दोन घ्यावे लागतील, एक दाराशी आणि एक आत. गुरुवारी आमच्याकडे वीज जाते आणि मॅडमचा एक वार नेमका गुरुवारच.

पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना नकाशा फार आवडला. त्यांचं देवघर आणि फिशटँक मधे येतंय असा त्यांचा संशय आहे. रविवारी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.